पोकरचं टेबल आणि फॅरोची पेटी

वेस्टर्न सिनेमात सगळ्यांत जास्त काय आवडतं असं कुणी विचारलं, तर मी घोडे, वाळवंट किंवा भर दुपारच्या रस्त्यावरची गोळीबाजी सांगणार नाही. मी पत्त्यांचं टेबल सांगेन. छताला टांगलेला दिवा, त्याच्या उजेडाचं रिंगण आणि त्या रिंगणात चार-पाच माणसांचे हात. चेहरे हॅटच्या सावलीत अर्धे बुडालेले. मागे पियानो वाजत असतो, कुणीतरी बोली वाढवतं, आणि पियानो कधी थांबला ते आपल्याला कळतही नाही. ज्या जगात प्रत्येक पुरुषाचा उजवा हात कमरेच्या पट्ट्यापाशी घुटमळत असतो, तिथे पत्ते खेळायचे तर दोन्ही हात टेबलावर ठेवावे लागतात. म्हणून एखादा हात टेबलाखाली गेला की आपला श्वास अडकतो.

ही आवड कॉलेजच्या दिवसांपासूनची, रविवारी सकाळी लागणाऱ्या इंग्रजी सिनेमांच्या खेळांमधून जडलेली. तेव्हा मला रमी येत होती, दिवाळीत तीन पत्ती खेळलो होतो, पण पोकरचे नियम ठाऊक नव्हते. तरी कोण जिंकतंय, कोण हूल देतंय, कोणाच्या मनात काळंबेरं आहे, हे सगळं समजायचं. पानांकडे बघायची गरजच पडायची नाही. दिग्दर्शक आपल्याला चेहरे वाचायला लावायचा. पुढे नियम शिकलो, त्या काळाचा इतिहास वाचला, आणि मग एक गोष्ट मनात रुतून बसली. पडद्यावर इतक्या प्रेमानं मांडलेला हा खेळ त्या काळच्या जुगाराचा मुख्य खेळच नव्हता. तो होता फॅरो, आणि सिनेमानं त्याला जवळजवळ पुसून टाकलं.

पण आधी डेडवूडला जायला हवं, कारण पोकरची दंतकथा तिथून सुरू होते. 2 ऑगस्ट 1876. डकोटा टेरिटरीतली, सोन्याच्या ओढीनं नुकतीच उभी राहिलेली वस्ती. नटल अँड मानच्या सलूनमध्ये वाइल्ड बिल हिकॉक हा नामांकित बंदूकबाज पोकर खेळत होता. भिंतीला पाठ लावून बसायची त्याची सवय. त्या दिवशी ती जागा दुसऱ्यानं धरलेली होती आणि बिलनं मागितली तरी त्यानं ती सोडली नाही. जॅक मॅकॉल नावाचा माणूस पाठीमागून आला आणि त्यानं बिलच्या डोक्यात गोळी घातली. खाणकामगारांनी भरवलेल्या पंचायतीनं मॅकॉलला सोडून दिलं. मग यांक्टनला त्याच्यावर रीतसर खटला चालला आणि 1 मार्च 1877 ला त्याला फाशी झाली. बिलच्या हातात त्या वेळी दोन काळे एक्के आणि दोन काळ्या अठ्ठ्या होत्या, अशी कथा आहे. पाचव्या पानाबद्दल आजही एकमत नाही. पोकरमध्ये एका खेळाडूच्या पाच पानांना 'हात' म्हणतात, आणि बिलच्या पानांना 'मेलेल्या माणसाचा हात' म्हणतात; खरं तर हे नाव आधी वेगळ्या पानांनाही लावलं जायचं. एक्के-अठ्ठ्या बिलच्या नावावर पक्क्या झाल्या त्या फ्रँक विल्स्टॅकनं 1926 मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे, म्हणजे खुनानंतर पन्नास वर्षांनी.

त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, 1939 मध्ये, जॉन फोर्डनं 'स्टेजकोच' केला. शेवटाकडे लॉर्ड्सबर्गच्या सलूनमध्ये ल्यूक प्लमर पत्ते खेळत असतो. त्याचा वैरी रिंगो किड, म्हणजे चित्रपटाचा नायक, गावात आल्याची खबर येते. ल्यूक उठतो आणि आपली पानं टेबलावर टाकतो: एक्के आणि अठ्ठ्या. बस्स. आपण समजून जातो की हा माणूस आता परत येणार नाही. फोर्डला आणखी काही सांगावं लागत नाही.

मला त्या पानांचं साधेपण फार भावतं. पाच पानांचे एकूण 25,98,960 हात होऊ शकतात. त्यांतले दोन जोड्यांचे हात 1,23,552, म्हणजे साधारण एकवीस हातांमागे एक. हा काही दुर्मीळ हात नव्हे. कुठल्याही संध्याकाळी येऊ शकतो. उलट नंतरच्या कितीतरी चित्रपटांत एकाच डावात एकाकडे फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) आणि दुसऱ्याकडे चार एक्के निघतात. वाटलेल्या पाच पानांत फुल हाउस येण्याची शक्यता 694 मध्ये एक, चार सारखी पानं येण्याची 4,165 मध्ये एक. दोन्ही एकाच वेळी समोरासमोर आले की मला पटकथाकाराचा हात दिसतो, नशिबाचा दिसत नाही. त्या मानानं हिकॉकचा हात खऱ्या आयुष्यातला वाटतो. चांगला, पण जगावेगळा नाही.

आता फॅरोकडे येतो, कारण माझं मन खरं तिथे अडकलं आहे.

हा खेळ फ्रान्समधून आला. एका टेबलावर हिरवं कापड, कापडावर इस्पिकची तेरा पानं एक्क्यापासून राजापर्यंत चिकटवलेली किंवा रंगवलेली. बाकी सगळ्या जातींच्या पत्त्यांसाठी हीच तेरा घरं. जात इथे मोजतच नाहीत. तुम्ही आपले चेक, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, एखाद्या पानावर ठेवायचे. डीलरपुढे एक पेटी असते, आत स्प्रिंग, वरून उघडी. तो पेटीतून दोन पानं काढतो. पहिलं पान हरणारं: त्यावर लावलेले पैसे बँकेचे, म्हणजे खेळामागे पैसा लावणाऱ्या मालकाचे. दुसरं पान जिंकणारं: त्यावर लावले असतील तितकेच तुम्हाला मिळतात. पान हरणार यावरही पैसे लावता येतात. त्यासाठी चेकवर तांब्याची एक चकती ठेवायची. शेजारी एक माणूस लाकडी चौकटीतले मणी सरकवत कुठली पानं निघून गेली याची नोंद ठेवतो. एकाच डावात दोन्ही पानं सारखी निघाली, दोन दश्श्या किंवा दोन राण्या, तर त्या घरावरची अर्धी रक्कम बँक उचलते. शेवटी तीन पानं उरतात, त्यांचा क्रम ओळखायचा. क्रम सहा प्रकारचे असू शकतात, आणि बरोबर ओळखणाऱ्याला एकास चार मिळतात. म्हणजे बँकेचा फायदा तिथेही ठरलेलाच.

प्रामाणिकपणे चालवला तर या खेळात बँकेला सुटणारा नफा फार थोडा. म्हणूनच तो प्रामाणिकपणे क्वचित चालायचा. एका वेळी दोन पानं सरकवता येतील, पुढचं पान डीलरला आधीच कळेल, अशा बनावटीच्या पेट्या मिळत असत, आणि त्या विकणाऱ्या दुकानांचे छापील कॅटलॉगही निघत.

अॅबिलीन, डॉज सिटी, टूमस्टोन, डेडवूड, सगळीकडे फॅरो जोरात होता. टेक्सासहून गुरांचे कळप हाकत उत्तरेला रेल्वेच्या ठाण्यापर्यंत आणणाऱ्या काउबॉयला महिन्याला तीस-चाळीस डॉलर मिळत. प्रवास काही महिन्यांचा, आणि पगार बहुधा शेवटी एकदम हातात पडायचा, सलूनच्या दारापाशीच. ते पैसे कुठे गेले याचा हिशेब मांडला तर बराच वाटा त्या पेटीत जाईल. त्यात भर म्हणजे डीलर अनेकदा पगारी नोकर असायचा. मागची बँक कुणा दुसऱ्याची, ती मागच्या खोलीत किंवा दुसऱ्याच गावात.

सिनेमानं फॅरो का टाळला ते उघड आहे. त्यात चेहरा वाचायला काही नाही. डीलरला निर्णय घ्यायचाच नसतो. तो पानं काढतो, पैसे ओढतो, पैसे देतो. हूल नाही, बोली नाही, डोळ्याला डोळा नाही. कॅमेऱ्यानं दाखवायचं काय? पोकरमध्ये मात्र प्रत्येक खेळाडू दुसऱ्याशी लढतो आणि बहुतेक वेळा पानांपेक्षा धीर जिंकतो. हे कारण मला पूर्ण पटतं. पण या निवडीचा एक परिणाम झाला आणि तो मला अस्वस्थ करतो. पोकर निवडल्यामुळे वेस्टर्नमधल्या प्रत्येक हरण्याला एक चेहरा मिळाला. तुझे पैसे गेले, तर ते समोर बसलेल्या माणसानं घेतले. त्यानं लबाडी केली असेल तर त्याला पकडता येतं, टेबल उलटवता येतं, गोळी घालता येते. खऱ्या काउबॉयला हे सुख नव्हतं. तो पेटीपुढे हरला.

माझे एक मामा लालबागला राहायचे, गिरणीत होते. मटका लावायचे. मटक्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर झाली, उघडायचा भाव आणि बंद व्हायचा भाव, म्हणून 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द गिरणगावाच्या तोंडी बसले. पुढे कापूस गेला आणि आकडे नुसते काढले जाऊ लागले. मामा पगाराच्या आठवड्यात चिठ्ठी लावून यायचे. मामी कधी भांडायची नाही, एवढंच विचारायची, "कुणाकडे गेले?" आणि मामांना ते सांगता यायचं नाही. चिठ्ठी घेणारा ओळखीचा, कोपऱ्यावरचा, त्यांच्यासारखाच गरीब. पैसे त्याच्याकडे राहत नव्हते हे दोघांनाही ठाऊक होतं. फॅरोबद्दल वाचताना मला त्या खोलीतला तो प्रश्न सारखा ऐकू येतो. वेस्टर्ननं उत्तर देता येईल असा खेळ निवडला.

लबाडीचे प्रसंगही त्यामुळेच इतके रंगतात. 1939 चाच 'डेस्ट्री राइड्स अगेन' घ्या. बॉटलनेक गावातल्या सलूनमध्ये केंट हा बदमाश एका शेतमालकाला पोकरमध्ये गुंतवतो. ऐन मोक्याला मार्लिन डीट्रिखची फ्रेंची त्या बिचाऱ्याच्या अंगावर गरम कॉफी सांडते. तो दचकून उठतो तेवढ्यात पानं बदलली जातात, आणि त्याचं अख्खं रँच जातं. अन्यायाची यंत्रणा इतक्या थोडक्यात आणि इतक्या स्वच्छ रीतीनं दाखवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. 'रिओ ब्राव्हो'मध्ये (1959) पत्त्यांतून तीन एक्के गायब असतात. शेरीफचा संशय फेदर्स नावाच्या बाईवर जातो, आणि खरा लबाड दुसराच आहे हे तरुण कोलोराडो दाखवून देतो. शेरीफला एका बाईची माफी मागायची वेळ येते आणि जॉन वेनच्या चेहऱ्यावरचा तो अवघडलेपणा बघण्यासारखा आहे.

खऱ्या लबाडीचा एक किस्सा मात्र कुठल्याही चित्रपटापेक्षा वेगळा आहे. 1888 च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत केप्लिंगर नावाचा एक जुगारी सतत जिंकत होता. सोबत खेळणारेही पट्टीचे लबाड, तरी त्यांना काही उमगेना. शेवटी त्यांनी ठरवून त्याला धरलं आणि अंगझडती घेतली. अस्तनीत एक यंत्र निघालं: दोरी कपड्यांखालून गुडघ्यांपर्यंत गेलेली, गुडघे फाकवले की मनगटापाशी एक चिमटा बाहेर येऊन पान आत ओढणार. पडद्यावर इथे गोळी सुटली असती. त्या लोकांनी काय केलं? अशीच यंत्रं आम्हालाही बनवून दे, असं त्याला बजावलं. इंग्रज जादूगार जॉन नेव्हिल मॅस्कलिननं 1894 मध्ये हे सगळं लिहून ठेवलं. सिनेमातला जुगारी इतका व्यवहारी नसतो. त्याचा मान दुखावतो, तो उठतो आणि मरतो. 1934 पासून हॉलीवूडची आचारसंहिता कडक झाल्यावर तर पाप करणाऱ्याला शासन दाखवणं भागच होतं.

बायकांचा विषय निघाला की मी नेहमी एलिनॉर ड्यूमाँटचं नाव घेतो. कॅलिफोर्नियातल्या नेव्हाडा सिटीत तिनं स्वतःचा जुगाराचा अड्डा चालवला, एकवीसचा डाव स्वतः वाटायची. ओठावरची लव वाढली तसं लोक तिला मादाम मुस्टाश म्हणू लागले. 1879 मध्ये बोडी या खाणगावात ती मरण पावली. तिच्यावर एक मोठा चित्रपट व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. तिच्या वाटेवरची पात्रं मात्र पडद्यावर आली. 'रँचो नटोरियस'मध्ये (1952) जुगाराच्या एका चाकावर आल्टार कीन या नायिकेचं नशीब उघडतं, आणि ते चाक पायानं थांबवता येत असतं. आणि 'जॉनी गिटार'मधली (1954) व्हिएन्ना! वादळी दुपार, सलूनमध्ये एकही गिऱ्हाईक नाही, रूलेटच्या टेबलामागे माणूस उभा, आणि जोन क्रॉफर्ड त्याला चाक फिरवत ठेवायला सांगते, कारण तिला तो आवाज आवडतो. अख्ख्या वेस्टर्नमध्ये जुगाराच्या मालकाच्या बाजूनं घेतलेला इतका प्रामाणिक क्षण विरळा. खेळणारा कुणी नसला तरी चाक तिचं आहे. रेल्वे येणार, जमिनीचा भाव वाढणार, आणि ती तोवर टिकून राहणार. ती पत्ते खेळत नाही. ती बँक आहे.

बँक हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. 'स्टेजकोच' पुन्हा पाहा. त्या घोडागाडीच्या डब्यात हॅटफिल्ड नावाचा जुगारी बसलेला आहे, जॉन कॅरेडिननं केलेला; सभ्य लोक त्याच्याकडे तुच्छतेनं बघतात. त्याच डब्यात गेटवूड हा बँकर आहे, सगळ्यांना शिस्तीचे आणि देशहिताचे धडे देणारा. बॅगेत त्यानं आपल्याच बँकेतून पळवलेली रोकड भरलेली आहे. जुगारी एका बाईच्या अब्रूसाठी मरतो. बँकर शेवटी बेड्यांत जातो. मंदीच्या वर्षांत थिएटरात बसलेल्या, बँका बुडताना पाहिलेल्या अमेरिकन माणसाला हे दृश्य कसं भिडलं असेल!

आणि मग 1966 चा 'अ बिग हँड फॉर द लिटल लेडी'. हा चित्रपट आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला दिसत नाही, म्हणून शेवट सांगत नाही. लरेडोमध्ये पाच गब्बर माणसं वर्षातून एकदा जमून पोकर खेळतात. बायको-मुलासह सॅन अँटोनियोकडे निघालेला मेरेडिथ, म्हणजे हेन्री फोंडा, त्या खोलीत शिरतो आणि शेतीसाठी जपलेली पुंजी लावून बसतो. हातात एक जबरदस्त डाव येतो, पण बोली झेपायला पैसे उरत नाहीत. तिथेच त्याच्या छातीत कळ येते. पानं त्याच्या बायकोच्या, मेरीच्या हातात येतात, आणि तिला हा खेळच येत नाही. जोन वुडवर्डनं हे काम असं केलंय की मला दर वेळी द्यूतसभा आठवते. तिथेही नवरा सर्वस्व लावून बसलेला आणि शेवटी बाईलाच भर सभेत उभं राहून बोलावं लागलेलं. द्रौपदीनं नियमाचा प्रश्न विचारला, आधी कोण हरलं, तो की मी? तिला उत्तर मिळालं नाही. मेरी मात्र पानं हातात घट्ट धरून रस्ता ओलांडते आणि बँकेत जाते. तारण म्हणून ती पत्ते दाखवते. गावातला सगळ्यांत कंजूष बँकर ते बघतो आणि तिच्यासोबत खोलीत येऊन बोली लावतो. त्या पाच जणांनी आतापर्यंत एकमेकांचे चेहरे वाचले होते. बँकेनं पैसे टाकल्यावर मात्र एकेक जण पान खाली ठेवतो. तिच्या हातात काय होतं ते बघायलाही कुणी थांबत नाही.

ही खोली मला वेस्टर्नमधली सगळ्यांत खरी जुगाराची खोली वाटते, सगळी हूल आणि सगळं नाटक जमेस धरूनही.

'टूमस्टोन'मध्ये (1993) उशिरा का होईना, फॅरोचं टेबल दिसलं. त्या काळचा नामांकित कायदारक्षक वायट अर्प ओरिएंटल सलूनमध्ये त्यामागे बसतो, जसा तो खरोखरच बसायचा. तिथल्या जुगारात त्याचा हिस्सा होता. फोर्डच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये (1946) हाच वायट पोकर खेळतो आणि त्याची पानं चोरून सांगणाऱ्या चिवावा नावाच्या बाईला उचलून घोड्यांच्या पाण्याच्या हौदात टाकतो. एकाच माणसाचे हे दोन वायट शेजारी ठेवून बघावेत. एक फसवणुकीला बळी पडता पडता वाचलेला खेळाडू, दुसरा बँकेच्या बाजूनं बसलेला धंदेवाईक. मला पहिला जास्त आवडतो, दुसऱ्यावर जास्त विश्वास बसतो.

रॉबर्ट ऑल्टमनच्या 'मॅककेब अँड मिसेस मिलर'मध्ये (1971) मात्र हा सगळा गुंता एका माणसावर येऊन पडतो. वॉरन बेटीचा मॅककेब पावसाळी डोंगरात वसणाऱ्या गावात येतो, सलूनच्या टेबलावर लाल कापड अंथरतो आणि पत्ते काढतो. पोकरच्या जोरावर तो मालक होतो, धंदा उभारतो. मग खाण कंपनीचे दोन प्रतिनिधी येतात आणि सगळं विकत घ्यायची किंमत सांगतात. मॅककेब आयुष्यभर जे करत आला तेच करतो: हूल देतो, आकडा वाढवतो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. त्याला वाटतं डाव अजून चालू आहे. पण समोर बसलेले दोघे पगारी आहेत, पैसा त्यांचा नाही, आणि नाहीचा निरोप वर पोचवून त्यांचं काम संपतं. ते निघून जातात. त्यांच्यामागून तीन बंदूकवाले येतात. आता मॅककेब स्वतःच किंमत खाली आणतो. त्यांच्यातल्या बटलर नावाच्या धिप्पाड माणसापुढे उभा राहून तो आधीच्या आकड्यावर यायची तयारी दाखवतो. बटलर सांगतो, मी सौदे करत नाही.